सात फ्रेम

घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवत होते. टेप संपली. कॅमेऱ्याने ती आपणहून मागे गुंडाळायला सुरुवात केली आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक छोटीशी चौकट उघडली. तासाभराचं चित्रण उतरलं होतं, फाइल १३ जीबीच्या आसपास भरली होती, आणि अगदी खालच्या ओळीत लिहिलं होतं : ड्रॉप्ड फ्रेम्स – ७. आमच्या कॅमेऱ्याच्या पाल (PAL) या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात, म्हणजे तासाला ९०,०००. त्यातल्या सात गळल्या. पाव सेकंदाहून किंचित जास्त. धाकट्या भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, सोड ते. पुढची लाव." त्याचं खरंही होतं. खोकाभर कॅसेट वाट बघत होत्या. मी पुढची कॅसेट हातात घेतली, तिच्यावरचं लेबल वाचलं आणि परत खाली ठेवली.

त्या सात फ्रेम कुठल्या, हे कळल्याशिवाय मला पुढे जाववेना. डीव्ही, म्हणजे डिजिटल व्हिडिओच्या टेपवर प्रत्येक फ्रेमला स्वतःचा क्रमांक असतो : तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. जिथे आकडे उडी मारतात तिथे काहीतरी गळलेलं असतं. ४१ मिनिटं, १७ सेकंद, आठवी फ्रेम आणि तिच्यापुढे थेट सोळावी. ती जागा काढली. आत्या पायरीवर बसली आहे. मान खाली, मांडीवरच्या दोऱ्याची गाठ सोडवते आहे. कॅमेऱ्यामागून बाबांची हाक येते आणि पुढच्याच फ्रेमला आत्या समोर बघून हसते आहे. मान वर करणं नाही, कॅमेरा दिसल्यावर चेहऱ्यावर येतो तो क्षणभराचा गोंधळ नाही. डीव्हीत प्रत्येक फ्रेमचा आवाज त्या फ्रेमबरोबरच साठवलेला असतो, त्यामुळे फ्रेम गेली की तेवढा आवाजही जातो. बाबा म्हणतात "इकडे बघ". फाइलमध्ये ऐकू येतं, "इ… बघ".

ते 'कडे' मला हवं होतं.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. कॅमेरा त्यांचा होता आणि तो त्यांच्या हातातून सहसा कोणी घेत नसे. त्यामुळे एवढ्या कॅसेटमध्ये ते स्वतः दिसतात ते जेमतेम काही मिनिटं. कोणीतरी हट्टाने कॅमेरा ओढून घेतला म्हणून. तेव्हाही ते समोर उभे राहून सूचनाच देत असतात : झूम कमी कर, हात हलवू नकोस, उजेड पाठीवर घे. बाकी सगळीकडे ते फक्त आवाजात आहेत. त्यांच्या अक्षरातली लेबलं आहेत. महिना, वर्ष, प्रसंग, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'उरलेली १२ मि.' टेप वाया जाऊ नये म्हणून किती मिनिटं शिल्लक आहेत याचा ते हिशेब ठेवत. मधल्या काळात मी ही लेबलं कितीदा तरी वाचली, कॅसेट मात्र लावली नाही. कॅमेरा बिघडलेला असेल तर? टेप अडकून तुटली तर? जोपर्यंत लावून बघत नाही, तोपर्यंत सगळं शाबूत आहे असं धरून चालता येतं. मला वाटतं, अनेक घरांत कॅसेटचे खोके असेच पडून राहतात. लोकांना विसर पडलेला नसतो, उघडायची धास्ती असते.

कॅमेरा सुरू झाला. बॅटरी पार संपली होती, चार्जरच्या वायरवर मात्र झाला. झाकणाचं बटण सरकवलं की आधी एक बारीक गुणगुण, मग आतला सांगाडा सावकाश वर येतो आणि उघडतो. कॅसेट घालायची, जिथे 'पुश' लिहिलंय बरोबर तिथेच बोट ठेवून दाबायचं, हात काढून घ्यायचा. सांगाडा खाली जातो, आतले दोन इवलेसे खांब फीत कॅसेटमधून बाहेर ओढतात आणि चकचकीत ड्रमभोवती लपेटतात. हे सगळं दिसत नाही, ऐकू येतं. खट्, मग सरसर, मग एक चढत जाणारा सूर. तो सूर स्थिरावला की चित्र येतं. ड्रम मिनिटाला ९,००० फेरे घेत असतो. त्याच्यावरची दोन हेड फितीला तिरकी घासत जातात आणि फितीवर १० मायक्रॉन रुंदीचे पट्टे वाचतात. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. असे १२ पट्टे वाचले की एक फ्रेम. फीत सेकंदाला १९ मिलिमीटरांच्या आसपास पुढे सरकते. मी हिशेब केला : सात फ्रेम म्हणजे पाच मिलिमीटरांहून थोडी जास्त फीत. माझ्या करंगळीच्या नखापेक्षाही कमी. आत्याचं वर बघणं आणि बाबांचं 'कडे' एवढ्याशा जागेत होतं आणि अजूनही होतं. ते कॉम्प्युटरपर्यंत पोचलं नव्हतं, इतकंच.

डीव्ही कॅमेऱ्यातून चित्रण उतरवायचं ते फायरवायरच्या केबलने. कॅमेरे आले १९९५ साली आणि फायरवायरचं मानक ठरलं तेही त्याच वर्षी. सोनीच्या कॅमेऱ्यांवर त्यालाच आय-लिंक लिहिलेलं असतं. कॅमेऱ्याकडचं टोक इवलंसं, चार पिनांचं. कॉम्प्युटरकडचं बहुधा सहा पिनांचं. नव्या कॉम्प्युटरला ही जागाच नसते, म्हणून भावाचा जुना, अडगळीत टाकलेला कॉम्प्युटर बाहेर काढला. या केबलचा मोठा गुण असा की ती चित्राचं चित्र काढत नाही. टेपवर जे आकडे लिहिलेत तेच जसेच्या तसे डिस्कवर येतात. रंग फिका पडत नाही, कडा बोथट होत नाहीत. अट एकच : कॉम्प्युटरने ते आकडे आले तसे लिहून घेतले पाहिजेत. टेप थांबत नाही. कॉम्प्युटरची डिस्क क्षणभर दुसऱ्या कामात गुंतली की मधल्या फ्रेम हातातून निसटतात आणि टेप पुढे निघून गेलेली असते.

शिवाय एका तासाच्या टेपला एक तास लागतो. फोनमधले हजार फोटो चहा होईपर्यंत दुसरीकडे जातात, त्याची सवय झालेल्या आपल्याला हे फार वाटतं. कॅप्चर लावून दुसरं काम करता येतं आणि बहुतेक जण तेच करतात. मी पहिल्या टेपपासून समोर बसून राहिले. सुरुवातीला कारण कामापुरतं होतं. कुठे चित्र चौकोनांत फुटतं, कुठे आवाज तुटतो, याची नोंद ठेवायची होती. नंतर उठवेनाच. बाबांनी जितका वेळ कॅमेरा धरला होता तितकाच वेळ आपण समोर बसतो. ते कंटाळले तिथे हात खाली आलेला कळतो. एखाद्याकडे ते जरा जास्त वेळ बघत राहिलेत, हे कळतं. आजीवर कॅमेरा स्थिरावला की झूम अतिशय हळू व्हायचा. अंगठा बटणावर किती जपून ठेवला असेल तेही कळतं. माझ्या लहानपणीच्या कुठल्याही फोटोत हे नाही.

आणि श्वास. घरगुती कॅमेऱ्यांमध्ये आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त होते. समोर गोंगाट असला की माइक आवाज दाबतो, शांतता झाली की उरलंसुरलं सगळं उचलून मोठं करतो. खोलीत सगळे गप्प झाले की आधी कॅमेऱ्याच्या मोटरची घरघर वर येते आणि तिच्यावर बाबांचा श्वास. अगदी जवळून. माइकच्या मागे वीतभर अंतरावर त्यांचं नाक असणार. वर चढून आल्यावर त्यांना दम लागायचा, तोही आहे. सर्दी झाली असेल तर तीही ऐकू येते. हा आवाज नोंदवायचा त्यांचा विचार नव्हता, आम्हालाही तेव्हा टीव्हीवर बघताना तो कधी जाणवला नव्हता. आता कानाला हेडफोन लावून बसलं की तोच आधी ऐकू येतो.

पडद्याच्या कडांचंही तसंच. जुन्या डब्याएवढ्या टीव्हीत चित्राच्या चारही कडा थोड्या झाकल्या जायच्या. कॉम्प्युटरवर पूर्ण फ्रेम दिसते आणि कडेला अशी माणसं निघतात जी आम्ही त्या टीव्हीवर कधी पाहिलीच नव्हती. डाव्या काठावर दाराला टेकून उभा असलेला अर्धा काका. भावाच्या वाढदिवसाच्या चित्रणात खालच्या कोपऱ्यात माझाच हात, टेबलाची कड घट्ट धरलेला. मी त्या दिवशी रुसले होते हे मला आठवतं, घरात कुणालाच आठवत नाही. तो हात बघून मला एकदम बरं वाटलं. साक्षीदार मिळाल्यासारखं.

डीव्हीच्या आधीच्या कॅसेट व्हिडिओ-८ आणि हाय-८ च्या. व्हिडिओ-८ चे कॅमेरे १९८५च्या सुमाराला बाजारात आले, हाय-८ त्यानंतर १९८९ साली. यांच्यावर आकडे नसतात, लहरी असतात. त्या कॅसेटचा आमचा जुना कॅमेरा कधीच बंद पडला होता. एका नातेवाइकांकडे डिजिटल-८ चा कॅमेरा निघाला, तो उसना आणला. १९९९ साली आलेल्या या जातीतले काही कॅमेरे जुन्या लहरींच्या टेप वाचतात आणि आतल्या आत त्यांचं डीव्ही करून फायरवायरमधून बाहेर पाठवतात. व्हीएचएससाठी ती सोय नाही. तिथे पिवळी, पांढरी, लाल अशी वायर आणि वेगळं कॅप्चर यंत्र लागतं. लहरींच्या टेप जुन्या होतात तेव्हा चौकोन फुटत नाहीत. बारीक पांढऱ्या रेघा चमकून जातात, रंग कडेबाहेर सांडतो, लाल तर फारच. आणि चित्राच्या अगदी तळाशी दोन-चार ओळी सतत थरथरत असतात. एक हेड वाचन संपवतं आणि दुसरं सुरू करतं, त्या बदलाची ती खूण. टीव्ही तीही झाकायचा.

उतरवण्याच्या प्रोग्रॅममध्ये यावर उपाय तयार असतात. तळाच्या ओळी काप. मुंग्या काढून टाक. आवाजातली घरघर पुस. प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन, टिक केली की काम होतं. मी एका छोट्या तुकड्यावर करून पाहिलं. चित्र खरोखरच स्वच्छ झालं. पण मुंग्या काढणारा प्रोग्रॅम काय बघतो? एका फ्रेमहून दुसऱ्या फ्रेममध्ये जे बारीक बारीक बदलतं त्याला तो कचरा समजतो. त्या तुकड्यात आई खिडकीशी उभी होती, बाहेर पाऊस होता. मुंग्यांबरोबर पाऊसही गेला. खिडकीबाहेर नुसता करडा रंग उरला आणि आईचे भुरभुरणारे केस एका गुळगुळीत टोपीसारखे दिसायला लागले. आवाजाची घरघर पुसली तर तिच्याबरोबर बाबांचा श्वासही पुसला जाणार होता, कारण यंत्राच्या लेखी दोन्ही एकच. मी सगळे चौकोन रिकामे ठेवले. मूळ फाइल जशी उतरेल तशी ठेवायची, साफसफाई करायची असेल तर तिच्या नकलेवर. या बाबतीत मी हट्टी आहे आणि तसंच राहायचा विचार आहे.

तारखांनी मात्र दमवलं. डीव्ही टेपवर प्रत्येक फ्रेमबरोबर चित्रणाची तारीख आणि वेळही नोंदलेली असते, चित्रावर दिसत नसली तरी. त्यावरून प्रोग्रॅम प्रसंग वेगळे करून देतो. पण कॅमेऱ्यातल्या घड्याळाची छोटी बॅटरी संपली की घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर परत जातं, १ जानेवारी, आणि तिथून नव्याने चालू लागतं. आमच्या काही टेपमध्ये भर पावसात १ जानेवारी आहे. अशा वेळी भावाचे दात कामी आले. एका टेपमध्ये पुढचे दोन दात नाहीत, दुसरीत अर्धे आलेत, तिसरीत पूर्ण. तो क्रम लावून त्याने स्वतःच यादी करून पाठवली आणि खाली लिहिलं, "दातांवर भरवसा ठेव."

मग परत त्या सात फ्रेमकडे.

टेप पुन्हा लावली तर त्या मिळण्याची शक्यता होती. पण टेप पुन्हा लावणं फुकट नसतं. पॉलिस्टरच्या पातळ पट्टीवर चुंबकीय थर असतो, बहुतेक फितींमध्ये तो चिकट द्रव्याने धरून ठेवलेला असतो. वर्षानुवर्षं हवेतला ओलावा शोषून हे द्रव्य सैल होतं, चिकचिकतं, थर सुटायला लागतो. दर वेळी हेड घासून जातात तेव्हा थोडं काहीतरी जातं, आणि हेडही झिजतात. कॅमेरेही मिळणार नाहीत. फुनाई ही व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, तिने २०१६ साली उत्पादन थांबवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने मिनी-डीव्ही कॅसेटही बनवणं बंद केलं. युनेस्को आणि ध्वनी-दृश्य संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए यांनी २०१९ साली चुंबकीय फितींबद्दल जगभर इशारा दिला होता. त्यांची मुख्य काळजी हीच होती की फीत टिकली तरी ती वाचणारं यंत्र राहणार नाही. मोठमोठ्या संग्रहालयांना हे जड जातंय आणि माझ्या हातात एकच कॅमेरा, त्यातून बाकी सगळ्या टेप काढायच्या राहिलेल्या. एका अर्ध्या शब्दासाठी त्याचे हेड झिजवायचे का?

मी झिजवले. आधी सुकी क्लीनिंग कॅसेट काही सेकंद फिरवली. टेप शेवटपर्यंत पुढे नेली, मग पूर्ण मागे, म्हणजे फितीचा ताण सगळीकडे सारखा होतो. कॉम्प्युटरचं नेट तोडलं, बाकीचं सगळं बंद केलं, पुन्हा तासभर बसले. ४१ मिनिटं, १७ सेकंद. आत्या मान वर करते. आधी भुवया वर जातात, मग ओठ किंचित उघडतात, जणू ती विचारणार आहे, कोण? आणि मग हसू. बाबा स्पष्ट म्हणतात, "इकडे बघ." खालच्या ओळीत ड्रॉप्ड फ्रेम्स शून्य. आणि त्याच फेरीत, ५२व्या मिनिटाला, आईचा अर्धा चेहरा चौकोनांत फुटला. पहिल्या वेळी ती जागा स्वच्छ आली होती. हेडला काहीतरी चिकटलं असणार. कॅमेऱ्याला एखादा चौकोन वाचता आला नाही की तो आधीच्या फ्रेममधला चौकोन तिथे डकवतो, म्हणून आईचं तोंड पुढे गेलं आणि डोळे मागेच राहिले. म्हणजे आता माझ्याकडे दोन फाइली होत्या आणि दोन्ही अपुऱ्या. पहिलीत आई पूर्ण, दुसरीत आत्या पूर्ण. दोन्ही ठेवल्या. डीव्हीरेस्क्यू नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे, संग्रहालयांत काम करणाऱ्या लोकांनी याच दुखण्यासाठी करवून घेतलेला. कुठल्या फ्रेममध्ये किती बिघाड आहे ते तो मोजतो आणि दोन-तीन फेऱ्यांमधले चांगले भाग निवडून एक फाइल बांधतो. कुठल्या तरी अनोळखी माणसाला हा प्रश्न माझ्याइतकाच महत्त्वाचा वाटला, त्याने तो सोडवला आणि वाटून टाकला, याचं मला फार अप्रूप आहे. फाइल बांधली गेली तेव्हा मी भावाला फोन करून ते 'इकडे बघ' ऐकवलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आवाज आणखी वाढव."

डिस्क करायची ती आईसाठी. तिला पेनड्राइव्ह नको, फोनवर बघायचं नाही. डीव्हीडी प्लेयरचा रिमोट तिच्या हाताला बसलेला आहे, डिस्क घातली की चित्र येतं हे तिला पटतं. आणि इथे सगळा हिशेब पुन्हा उलटा होतो. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, टेपचा एक तास १३ जीबीचा. म्हणजे तिसऱ्या हिश्श्यात बसवायचं. डीव्हीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, स्वतःपुरती पूर्ण असते. डीव्हीडीचं एमपेग-२ (चित्र आवळून साठवायची पद्धत) तसं करत नाही. डझनभर फ्रेममधली साधारण एक पूर्ण ठेवतं आणि बाकीच्यांचा फक्त फरक लिहितं : हे इथून तिथे सरकलं, एवढं बदललं. ज्या सात फ्रेमसाठी मी एवढा खटाटोप केला त्यांच्यातली एखादीच आईच्या डिस्कवर पूर्ण आहे, किंवा कदाचित एकही नाही. टीव्हीवर बघताना कळत नाही, आत्या मान व्यवस्थित वर करते. तरी मला ते टोचतं. डिस्कचा तरी भरवसा किती? लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत सेंद्रिय रंगाचा थर असतो, लेझर त्याच्यावर खुणा करतो. उन्हात आणि उष्णतेत तो रंग बिघडतो. म्हणून डिस्क आईची, बघण्यासाठी. मूळ फाइली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक माझ्याकडे, एक भावाकडे. आणि कॅसेटही परत डब्यात, प्रत्येकीची छोटी पट्टी 'सेव्ह'कडे सरकवून, उभ्या. टाकायच्या नाहीत.

डिस्क भावाने केली. त्याला हे काम मनापासून आवडतं. त्याने मेन्यू बनवला, प्रसंगांची नावं दिली, मागे मंद संगीत टाकलं, कमी वेगाने बर्न केली, शेवटी फायनलाइझ करायला विसरला नाही, नाहीतर आईच्या प्लेयरने ती वाचलीच नसती. आमचं एकच जमत नव्हतं. त्याला निवडक हवं होतं. एका टेपवर बाबांनी कॅमेरा बंद करायचं बटण दाबलं आणि ते नीट दाबलं गेलं नाही. कॅमेरा हातात लोंबकळत राहिला, भिंग जमिनीकडे, आणि बाबा घरभर फिरले. बराच वेळ नुसती फरशी हलते, त्यांची चप्पल येते-जाते, दारं वाजतात. लांबून आईचा आवाज, शब्द कळत नाहीत. भाऊ म्हणाला, यात काय आहे? मला ते ठेवायचं होतं, श्वासासाठी. तो म्हणाला, "तुझ्यासाठी ठेव, आईच्या डिस्कवर कशाला?" यातही तथ्य होतं. आईला बाबांचा श्वास ऐकवावा की नाही, हे मलाही ठरवता येत नव्हतं. तो भाग वगळून डिस्क गेली.

आईने डिस्क पाहिली. तिने आमच्याकडे फारसं पाहिलंच नाही. नटूनथटून उभी राहिलेली आम्ही मुलं, भाषण करणारे काका, सगळे येऊन गेले आणि ती मधेच म्हणायची, "थांब थांब, मागे घे. ते कपाट बघ. त्याचा आरसा तेव्हाच तडकला होता, मी सांगत होते ना." पडदे, भिंतीवरचं घड्याळ, शिवणयंत्र, कुठल्या बाजूला होतं, कधी हलवलं. जुनं घर सोडून किती काळ झाला, आता तिथे दुसरी इमारत आहे. मी एवढे दिवस माणसं शोधत होते आणि ती खोल्या शोधत होती. शेवटी विचारलं तिने, "मागची खोली कशी कुठेच नाही?" मागच्या खोलीत कधी समारंभ झाला नाही, म्हणून तिचं चित्रण नाही. पण होतं. मी लॅपटॉप आणला आणि ते फरशीचं चित्रण लावलं.

आई पुढे सरकून बसली. "ही पुढची खोली, ठिपक्यांची फरशी," ती म्हणाली. चप्पल पुढे गेली. "आता बोळ. ही पट्टी बघ, इथे फरशी बदलायची." मग दार वाजलं. "हे मागचं दार, ते पावसाळ्यात घट्ट व्हायचं, खांदा लावावा लागायचा." आणि खरंच दाराच्या आवाजाआधी बाबांच्या तोंडून जोर लावल्याचा एक हुंकार येतो, जो मी कितीतरी वेळा ऐकला होता आणि मला दम लागल्याचा वाटला होता. फिकट चौकोन आले. "ही मागची खोली. तो काळा डाग दिसला? इस्त्री पडली होती." ती पायाखालचं घर वाचत गेली, एकदाही न अडखळता. श्वासाबद्दल ती काही बोलली नाही. ऐकू आला नसेल असं मला वाटत नाही, पण मी विचारलं नाही. भाऊ शेजारी वही घेऊन बसला आणि मिनिटं-सेकंद लिहायला लागला.

आता डिस्क नव्याने होते आहे. प्रसंग सगळे राहणार आहेत, पण मेन्यूत आता खोल्यांची नावं असतील : पुढची खोली, बोळ, मागची खोली, गच्ची. प्रत्येक नावाखाली त्या जागेचं जे जे चित्रण सापडेल ते, कुठल्याही वर्षाचं असो. उरलेल्या टेप उतरवताना माझ्याकडे आता आणखी एक यादी आहे, आईने सांगितलेली : पाण्याच्या टाकीची बाजू, शिवणयंत्राची जुनी जागा, खिडकीचा मोडका गज. फक्त फरशीच्या त्या लांब चित्रणाला काय म्हणायचं, यावर अजून अडलं आहे. भावाला त्याला बाबांचं नाव द्यायचं आहे. आईचं म्हणणं, त्यात बाबा कुठे दिसतात, त्याला 'बोळ' म्हणा, जास्त वेळ ते बोळातच आहेत.